शिट्टीऐवजी थाळी

मंडळी, आज आमच्या हुलसूरच्या पोरांची मंठाळ गावाशी फुटबॉल मॅच होती, भरवली मीच. कोरोनामुळं मास्क काढून शिट्टी फुंकायची नाही आणि बाहेरगावच्या पालकांनी यायचं नाही, हे दोन्ही नियम माझेच. म्हणून शिट्टीऐवजी थाळी ठेवली, ती वाजवायला सुजाताअक्का. तिचा पोरगा आमच्याच टीममध्ये.

शेवटच्या मिनिटाला तो बॉल घेऊन एकटा गोलसमोर पोचला. तेवढ्यात मागं मंठाळचा एक पोरगा पडला, गुडघा फुटला. अक्कानं थाळी बडवली. खेळ थांबला, गोल हुकला.

तिचा पोरगा रडकुंडीला आला. "आई, कामून वाजवलीस? गोल व्हायलाता की!"

त्या मंठाळच्या पोराचा गुडघा धूत अक्का म्हणाली, "त्याच्या आईला येऊ दिलं न्हाई ना आपण."

सांगा, आता हा पालकबंदीचा नियम मी कोणत्या तोंडानं चालवू?