आडनाव जुळलं

काल रात्री जेवताना भावानं सांगितलं, "पोरीच्या क्लासला गाडी ठरवली. बीडहून रोज रात्री साडेआठला उचलंल आन् दारात आणून सोडंल. ओळखीचा हाय, घरचाच म्हना." पोरगी म्हणजे माझी पुतणी, यंदा बारावीला गेलेली. गाडीवाला कोण, तेही त्यानं सांगितलं आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. वहिनी भाकरी करत होती. तिनं मान वर केली नाही, पण तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर झाला.

ती भाकरी का करपली ते तिला ठाऊक होतं आणि मला. तीन वर्षं आम्ही दोघींनी ते गिळून ठेवलं होतं.

मी नवऱ्याचं घर सोडून आले, त्याला नऊ वर्षं होतील. नेकनूरला भावाकडं राहते आणि बीडला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळच्या एस्टीनं जायचं, संध्याकाळच्या एस्टीनं यायचं. भावानं नोकरीला हो म्हटलं ते एकाच अटीवर, दिवेलागणीच्या आत घरात. एवढी घोडी झालेली बाई मी, दिवसाला पन्नास माणसांच्या शिरेत सुई घालते, आणि घड्याळाकडं बघत स्टँडवर पळते. पळणार नाही तर काय करणार? नोकरी गेली की मी पुन्हा भावाच्या दारातली आयतं खाणारी.

तीन वर्षांमागच्या त्या दिवशी मात्र परवानगी काढली होती. आमच्या लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या बाई रिटायर झाल्या, त्यांनी मांजरसुंब्याला धाब्यावर जेवण ठेवलं होतं. शेवभाजी, भाकरी, ठेचा, आणि नंतर आईस्क्रीम. खरं सांगते, मी इतकी हसले की गाल दुखायला लागले. हसण्याच्या नादात शेवटची एस्टी गेली. बाकीच्या सगळ्या बीडच्या, त्यांची वाट उलटी. एकटी मीच नेकनूरची.

माझ्यासोबत काम करणारी एक पोरगी म्हणाली, "ताई, ॲपवर बघू की." पुण्याहून लातूरकडं जाणारे लोक गाडीतल्या रिकाम्या जागा त्यावर टाकतात. एक गाडी पंधरा मिनिटांत चौकात येणार होती. तिचा नंबर आला, चालवणाऱ्याचा फोटो आला, आधी बसलेल्या लोकांनी त्याच्याबद्दल काय लिहिलंय तेही आलं. मी सगळं रीतसर केलं बरं का. नंबर जुळवला, फोटो जुळवला, लोकेशन त्या पोरीला पाठवून दिलं आणि मागच्या सीटवर बसले. शेजारी एक म्हातारी, तिच्या पलीकडं तिचा नवरा, दोघं अंबाजोगाईला निघालेले. म्हातारीनं मला जागा करून दिली आणि पिशवीतलं चिवड्याचं पुडकं पुढं केलं.

मग मी भावाला फोन लावला, तिथंच चुकले.

तो म्हणाला, "ड्रायव्हरला फोन दे." आमच्याकडं ही रीतच आहे. बाईमाणूस परक्या गाडीत बसली की घरचा पुरुष ड्रायव्हरशी बोलणार. काय विचारणार? गाडीचा नंबर? लायसन? छे! "पाव्हनं, गाव कोनतं? आडनाव काय?" मग मावशीची नणंद, चुलत्याची सासुरवाडी, सगळं उकरून कुठंतरी धागा लागतो. धागा लागला की गडी देव. नाही लागला की चोर.

त्या माणसानं गाव सांगितलं. आडनाव सांगितलं. भावानं फोन परत माझ्याकडं द्यायला लावला. मग मला म्हणाला, "उतर खाली."

"आरं पन कावून? गाडीत म्हातारी मानसं हायेत."

"आपल्यातला न्हाई त्यो. उतर म्हनलं ना!"

म्हातारी म्हणाली, "बस की गं माय, कशाला उतरतीस?" मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी चालवणारा चिडला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, भावाला गाडीचा नंबर पाठवायचा असतो. आडनावाला ब्रेक बसवलेले नसतात." मी त्याला सॉरीसुद्धा म्हटलं नाही. खाली मान घालून उतरले. आज तो भेटला तर त्याच्या पाया पडेन.

चौकात जीपवाले ओरडत होते, "नेकनूर, नेकनूर!" फोन चालूच होता. भाऊ म्हणाला, "त्यातल्या एकाला दे." दिला. गाव, आडनाव. आणि दोन मिनिटांत भावाला काय तो आनंद! "आरं, तुमी तर आमच्या मंडळीच्या माहेरकडचे! तिच्या मामाचे साडू म्हंजी तुमचे..." दोघं फोनवर हसायला लागले, एकमेकांचे फोन नंबरही घेतले. जीपवाला पन्नाशीचा, कपाळाला गंध. "बिनघोर झोपा पाव्हनं," तो म्हणाला, "बहीन तुमची तशी माझी." मी जीपचा नंबर बघितला, पण कुणाला पाठवला नाही. कशाला पाठवू? सोयरा निघाला होता ना.

मागं दोन गडी होते, ते मधल्या वस्तीवर उतरले. मग तो म्हणाला, "पुढं या की, आपलीच गाडी हाय." मी म्हटलं, मागंच बरी आहे. त्यानं आरसा खाली केला आणि आरशातून माझ्याकडं बघत भावाला फोन लावला. माझ्यादेखत! "हां पाव्हनं, पोचवलं बरं का, गल्लीच्या तोंडाशी सोडलं." आणि फोन ठेवला. अजून नेकनूर पाच-सहा किलोमीटर लांब होतं.

मी माझा फोन काढला, तर तो मागं वळून फोनवर हात टाकायला लागला. मग फोनवरचा हात मांडीवर आला. म्हणाला, "वरडून काय उपेग? नवऱ्यानं टाकलेली तू. घरी सांगशील तर तुजीच नोकरी सुटंल." माझा अख्खा इतिहास त्याला भावानंच दोन मिनिटांत दिला होता, पाव्हणा म्हणून.

पुढं उसाच्या टोळीचा ट्रॅक्टर होता. फडावरचं काम संपवून माणसं गावाकडं परतत होती, मागं दोन ट्रॉल्या, त्यात भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं. समोरून ट्रक आला म्हणून जीप हळू झाली आणि मी दार उघडून उडी टाकली. कोपर सोलपटलं, एक चप्पल गेली. ट्रॉलीतल्या बाया ओरडल्या, ट्रॅक्टर थांबला. जीप त्यांच्या बाजूनं सुसाट निघून गेली. एका बाईनं हाताला धरून मला वर ओढलं, पोत्यावर बसवलं आणि पाण्याची बाटली दिली. नेकनूर येईपर्यंत कुणीही माझं आडनाव विचारलं नाही.

दार वहिनीनं उघडलं. भाऊ बिनघोर घोरत होता. मी तिला सगळं सांगितलं. तिनं कोपराला हळद लावली आणि माझे पाय धरले. "वन्सं, आवाज नका करू. माझ्या माहेरचं नाव जाईल. आन् ह्ये तुमाला उद्यापासून घराबाहेर पडू द्यायचे न्हाईत." दुसरं वाक्य तर शंभर टक्के खरं होतं. मी पायरीवरून पडले म्हणून सांगितलं आणि सकाळच्या एस्टीनं कामाला गेले. नोकरी वाचली. त्या वाचवलेल्या नोकरीची मला तीन वर्षं लाज वाटत आली आहे. ती जीप रोज स्टँडवर दिसायची, आणि माझ्या गप्प बसण्यानं तिच्यात रोज कुणाच्या लेकी बसल्या असतील ते मला मोजता येत नाही.

आणि काल तीच जीप माझ्या पुतणीला ठरवली.

मी ताटावरून उठले. सगळं सांगितलं, पोरीच्या समोर. भाऊ आधी लाल झाला, मग पांढरा. म्हणाला, "पन त्यानं तर मला फोन केल्ता, पोचवलं म्हनून!"

"मला केल्तास का फोन? मी पोचले का, ह्ये मला इचारलंस का?"

"आगं, सोयरा हुता..."

"सोयरा! आडनाव जुळवून झोपलास तू. जाळ तुझी ती सोयरीक!"

तो वहिनीकडं बघायला लागला. तिनं करपलेली भाकरी खाली काढली आणि म्हणाली, "खरं हाय त्यांचं. मीच गप बसवलं." आणि पदर तोंडाला लावला. तिचा राग करावा की कीव, मला अजून कळत नाही. मघाशी स्वतःच्या लेकीसाठीसुद्धा तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

मग पुतणीनं फोन हातात घेतला आणि विचारलं, "आत्या, गाडीचा नंबर काय होता?"

तीन वर्षांत मला हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. मी एका दमात सांगितला. रात्री झोप येत नाही तेव्हा तोच पाठ करत असते. तिनं लिहून घेतला. मी म्हटलं, सकाळी आपण दोघी चौकीत जाऊ. ती हो म्हणाली.

तेवढ्यात भाऊ बाहेर ओट्यावर गेला. फोन लावल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, आता ह्याच्या तोंडून निदान एक शिवी तरी निघेल. कान लावून बसले.

"राम राम पाव्हनं," तो म्हणत होता. "न्हाई, तसं काई न्हाई. पोरीला हास्टेललाच ठिवायचं ठरलं... तुमी राग मानू नका बरं."

आत आला, ताटावर बसला आणि पाण्याचा तांब्या ओढत म्हणाला, "चला, मिटलं. आता चौकीबिवकीचं काई काढू नका." तीन वर्षं माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, आणि ह्याचं दोन मिनिटांत मिटलं.