दुकान बसलंय, मॅडम

आज सकाळी साडेदहापर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. बायकोला नाही, ताईला नाही, देवाला तर नाहीच – त्याच्यापुढे हात जोडले की मी नेहमी दुसऱ्याच विषयावर बोलायचो. अकरा वर्षं झाली. आता तोंड उघडलंच आहे, तर तुम्हालाही सांगून टाकतो.

आमचं घर लातूरचं, भांड्यांचं दुकान. मी नांदेडला विद्यापीठात एम.एस्सी. करत होतो आणि शनिवार-रविवारी लातूरला येऊन एका क्लासमध्ये डाउट काउंटरवर बसत होतो. म्हणजे काय – मोठे सर फळ्यावर शिकवून गाडीत बसून निघून जातात, आणि ज्यांना काही कळलेलं नसतं ती पोरं वह्या घेऊन आमच्या टेबलापुढे रांग लावतात. शनिवारी पहाटेची एसटी. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. सोमवारी पहाटे तोच रस्ता उलटा.

पण शनिवारी आमचं प्रॅक्टिकल असायचं. पहिल्या सत्रात मी एकदाही गेलो नाही. शेवटी प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमनी बोलावून घेतलं. बाई मायाळू, पण स्पष्ट. म्हणाल्या, “दोन डगरींवर पाय ठेवून चालत नसतं. आठ दिवसांत ठरव. नोकरी, नाहीतर प्रॅक्टिकल.”

तुम्ही काय ठरवलं असतं? सोपं होतं हो! मला त्या नोकरीची गरज नव्हती. अप्पा – म्हणजे माझे वडील – कधीपासून म्हणत होते, “कशाला तडफडतो रे? सोड की ते. तुला काय कमी हाय?” काहीच कमी नव्हतं. दुकान उत्तम चाललं होतं. लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसायची.

मग का सोडली नाही? हे सांगायला मला सगळ्यात जड जातंय, पुढे जे केलं त्याच्यापेक्षाही जड – कारण ते कारणच फार फालतू आहे. नांदेडच्या वर्गात मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचो. क्वांटम सुरू झालं की सगळं डोक्यावरून जायचं. कुणी काही विचारू नये म्हणून मी वहीत मान घालून बसायचो. आणि लातुरात? लातुरात मी ‘सर’ होतो. बारावीची पोरं माझ्यापुढे उभी राहायची. मी पेनाचं टोपण काढलं की गप्प व्हायची. एवढ्यासाठी. बाकी काही नाही.

आता हे मॅडमना कसं सांगणार? आठव्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, “दुकान बसलंय, मॅडम. घरी मलाच बघावं लागतं.” ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून निघालं, आणि निघताना चांगलं गुळगुळीत निघालं. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी माझं प्रॅक्टिकल गुरुवारी दुपारी लावून दिलं. स्वतः थांबायच्या. घरून आणलेला डबा माझ्यापुढे सरकवायच्या – आणि मी तो खायचो.

इथपर्यंत थापच होती. थापा कोण मारत नाही?

त्याच वर्षी ताईसाठी नांदेडचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर चांगलं, ताईलाही पसंत होता; ती स्वयंपाकघरात उगाचच गाणी म्हणायला लागली होती. आता आमच्याकडची पद्धत अशी, की बोलणी पक्की होण्याआधी दोन्हीकडून चौकशी होते. कोण कुणाच्या ओळखीचं, कोण कुठे कामाला, सगळं शोधून काढतात. मुलाचे मामा निघाले आमच्याच विद्यापीठात, ऑफिसात. ते सरळ मॅडमकडे गेले.

मॅडमनीच गुरुवारी मला हे सांगितलं, अगदी आनंदाने. “तुझ्या बहिणीची चौकशी आली होती बरं का. मी तुझी खूप स्तुती केली. म्हटलं, वडिलांचं दुकान बसलं तरी पोरगं शिकत शिकत घर सांभाळतंय.”

मी काय म्हणालो असेन? “थँक यू, मॅडम” म्हणालो.

बोलणी रविवारी व्हायची होती. मधे दोन दिवस होते माझ्या हातात. एक फोन पुरला असता. मॅडमना, नाहीतर त्या मामांना – ते तर दोन इमारती सोडून बसत होते. पण खरं सांगितलं असतं तर गुरुवारचं प्रॅक्टिकल गेलं असतं, काउंटर सोडावं लागलं असतं, आणि मॅडमच्या नजरेतून उतरलो असतो ते वेगळंच. शनिवारी मी एसटीत बसलो, काउंटरवर गेलो आणि संध्याकाळपर्यंत पोरांचे डाउट सोडवले. ताईचं लग्न एका बाजूला, ‘सर’ दुसऱ्या बाजूला – आणि मी ठरवलं. ठरवलंच म्हणायचं. न बोलणं हेही ठरवणंच असतं.

रविवारी पाहुणे आले नाहीत. मध्यस्थाचा निरोप आला, दुकान बसल्याचं कळलंय, मुलाकडचे मागे सरले. ताई दोन दिवस डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली. अप्पा मात्र पेटले. “माझं दुकान बसलंय म्हणून कोण म्हणलं? ह्यो समोरचाच असंल! त्याचीबी पोरगी लग्नाची हाय, पोटात दुखलं असंल.”

समोरचा म्हणजे बसवंतकाका. त्यांचंही भांड्यांचंच दुकान. पण दोघांचं असं की एकाकडे नसलेली कढई दुसऱ्याकडून यायची. भांड्यांवर नावं घालायचं मशीन काकांकडेच होतं. आमची गिऱ्हाइकं तिथेच जायची. सकाळचा पहिला चहा दोघं एकत्र घ्यायचे. ते सगळं त्या दिवशी संपलं. काका विचारायला आले – “अप्पा, काय चुकलं माझं?” – तर अप्पांनी पाठ फिरवली. मी तिथेच उभा होतो, पातेल्यांच्या चळतीला हात लावून.

अप्पांनी नवं मशीन आणलं. पुढच्या वर्षी ताईचं उदगीरला लग्न झालं. तिच्या भांड्यांवर अप्पांनी स्वतः नावं घातली. हात बसलेला नव्हता, अक्षरं वाकडी आली. काकांना पत्रिका गेली नाही. ताई आज सुखात आहे – पण ते तिच्या स्वभावाने आणि तिच्या नवऱ्याच्या स्वभावाने. मी त्यात कुठेच नाही.

आणि मी? मी पास झालो, नांदेडलाच एका कॉलेजात लागलो. थाप सोडली का? कसली सोडतोय! दरवर्षी निरोप समारंभात मी ती भाषणात वापरायला लागलो. दुकान बसलं, एसटीत अभ्यास केला, वगैरे. टाळ्या पडायच्या.

गेल्या आठवड्यात जळकोटची एक विद्यार्थिनी आली. गावातल्या मेडिकलमध्ये शनिवार-रविवार काम करते, येण्या-जाण्यात जीव जातो, विषय मागे पडलेत. “सोडू का धरून राहू, सर?” मी सवयीने माझी गोष्ट सांगितली. ती डोळे पुसून म्हणाली, “न्हाई सोडत मग. तुमच्यासारखंच करते.” ती गेल्यावर लक्षात आलं, आता माझ्या थापेवर ही पोरगी आपलं वर्ष लावणार. उद्या तिला बोलावलंय. तिच्यापुढे खरं काय ते ठेवीन. पुढचं ती बघेल.

पण आधी लातूर. आज सकाळी अप्पांनी गल्ल्याला उदबत्ती लावली, बसले, आणि मी सांगितलं. सगळं. मॅडमचा डबासुद्धा. अप्पांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, “बसवंताला ठावं हाय का हे?” मी नाही म्हणालो.

ते उठले, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून समोरच्या पायरीवर गेले. तिथे उभं राहून डोक्यावरची टोपी काढली. काका आतून बाहेर आले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मधून रिक्षा जात होत्या. मग काकांनी स्टूल पुढे ओढलं आणि अप्पा बसले. माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही. मला लाज वाटायला हवी होती. त्या घडीला मात्र नुसतं हलकं वाटत होतं, अंगातून ताप उतरल्यासारखं.

दोन वाजता अप्पा परत आले. गल्ल्यावर बसत म्हणाले, “तुझं तू जेवून घे. मी बसवंताकडं जेवलो.”

मी वर जाऊन एकटाच जेवलो. आणि आता काही लपवायचंच नाही, तर हेही सांगतो – पोटभर जेवलो.