डांबरी रस्त्यावरची फोर बाय फोर

माझ्या काकांचं चष्म्याचं दुकान घरापासून सव्वा किलोमीटरवर. रस्ता डांबरी, सपाट, वाटेत एक गतिरोधक. तरीही वयाच्या बावन्नाव्या वर्षी काकांनी जुनी फोर बाय फोर गाडी घेतली. चारी चाकांना जोर देणारी, चिखलातून आणि डोंगरावरून जाणारी.

जन्मभर खाली मान घालून लोकांच्या चष्म्याच्या काचा घासलेला माणूस. फ्रेममध्ये काच केसभर जरी हलली तरी परत घासायला घेणारा. त्यांच्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं, कुणालाच कळलं नाही.

"तो गतिरोधक चढायला चारी चाकं लावणार आहात का?" काकूनं विचारलं.

"असू दे गं. कधी लागलीच तर असावी."

काकूची उंची बेताची. गाडीत चढायचं म्हणजे काका आधी खाली उतरून प्लॅस्टिकचं स्टूल ठेवत, काकू वर चढे, मग स्टूल मागच्या सीटवर. बाजारात हा कार्यक्रम चार वेळा झाला की ती वैतागायची. दुकानामागच्या बोळात गाडी वळवताना तर काकांच्या नाकी नऊ येत. आणि इतकं करून, चारी चाकांना जोर देणारा तो छोटा लिव्हर तीन वर्षांत त्यांनी एकदाही ओढला नव्हता. ओढायची वेळच आली नव्हती.

ती वेळ आली काकूच्या भावाकडे. त्यानं गावाबाहेर नवं घर बांधलं होतं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. आदल्या दिवशी पाऊस झालेला. जेवणं उरकून निघालो तर मैदानात लावलेल्या सगळ्या गाड्यांची चाकं रुतलेली. काकांचा चेहरा उजळला. ते गाडीत बसले, लिव्हरला हात घातला आणि ओढला. तो ढिम्म हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी नाही. बाकीच्यांच्या छोट्या गाड्या पाच-सहा जणांनी ढकलून बाहेर काढल्या. काकांची गाडी वजनदार, ती कुणाला हलेना. शेवटी शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर आणावा लागला. ट्रॅक्टरवाल्याचे पैसेही काकूच्या भावानंच दिले. काकांना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं गाडीखाली डोकं घातलं.

"काका, लिव्हर शेवटचा कधी ओढला होता?"

"ओढलाच नाही."

"मग गंजणार नाही तर काय. महिन्यातून एकदा तरी चारी चाकांवर दहा-पंधरा किलोमीटर चालवायची. आणि कोरड्या डांबरावर नाही हं, आतले दाते झिजतील. कच्चा रस्ता शोधा."

काकांनी हे औषधाच्या डोससारखं मनावर घेतलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुकानाला कुलूप. पंचवीस वर्षांत ते दुकान रविवारी कधी बंद नव्हतं. शहराबाहेर टेकडीवर जाणारा एक कच्चा रस्ता त्यांनी शोधून काढला. पहिल्यांदा काकू कुरकुरतच गेली. तिसऱ्या खेपेला तिनं स्वतःहून चहाचा थर्मास भरला. एकदा मीही मागच्या सीटवर बसून गेले होते. डांबर संपलं तसे काका थांबले.

"ओढ," ते म्हणाले.

काकूनं उजव्या हातानं लिव्हर खटकन ओढला. इतक्या सराईतपणे, की मी बघतच राहिले. वर पोचल्यावर दोघं बॉनेटला टेकून चहा पीत बसली. काकू म्हणाली, "लग्नानंतर आम्ही दोघंच असं कुठं गेलो नव्हतो. सारखं दुकान. आता गाडीला फिरवायचं म्हणून जावंच लागतं."

सहा वर्षं हे चाललं. मग काकूचे गुडघे बोलायला लागले, स्टूलवरून चढणं जमेना. काकांनी न कुरकुरता गाडी विकायला काढली. बघायला तिघंचौघं आले. काका प्रत्येकाला विचारत, "रोज कुठं नेणार?" एकानं ऑफिस म्हटलं, दुसऱ्यानं मॉल. काकांनी दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. बुटांना चिखल तसाच.

"माझे निम्मे पेशंट डोंगरात," ते म्हणाले. "लिव्हर रोजच ओढावा लागतो."

काकांनी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि दाराशी उभं राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत पाहिलं. नंतर त्यांनी छोटी गाडी घेतली. ती बोळात एका झटक्यात वळते.

परवा पहिला रविवार होता. सकाळी बघते तर दोघं निघालेली.

"आता कशाला जाता?" मी विचारलं. "ही गाडी तर टेकडी चढत नाही."

"डांबर संपतं तिथं लावतो," काकू म्हणाली. "पुढं चालत जातो."

"आणि गुडघे?"

"दुखतात की. मी बसते मध्ये मध्ये. हे थांबतात."