कुडाच्या घरातली दुनळी

बिबट पहिल्यांदा आला तवा कुत्रा नेला. दुसऱ्यांदा शेळी नेली, तेही भर दुपारी. बायको तिथून चार हात दूर मोहफुलं वाळवत बसली होती. त्या दिवसापासून माह्या जिवाले चैन नाई. ती सरपणाले गेली की मी दारात, आंगणात वाकली की मी दारात.

बापाची ठासणीची भरमार बंदूक घरात होती, पीक राखायसाठी, परवान्याची. पण पावसाळ्यात तिची दारू सर्द होते. तीनदा चाप ओढला तर एकदा वाजते. जनावराले मारलं तर जेल, हे मले समजते. पण ते घरात शिरलंच तर? रीतसर कागद करून चंद्रपूरले दुनळी घ्याले गेलो.

दुकानदारानं बंदूक पुढं ठेवून विचारलं, "काका, घर कशाचं आहे?"

"मी बंदूक घ्याले आलो, घर विकाले नाई."

"तसं नाई. भिंत पाहून काडतूस घ्या लागते. घरातल्यासाठी बारीक छर्रा न्या."

मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण जंगल मले कोणी शिकवाचं नाई. "बिबट आहे, तितर नाई," म्हटलं आन् छर्रा सोडून एकाच मोठ्या गोळीची काडतुसं घेतली.

घरी बायकोनं एक काडतूस हातावर तोललं. "हे कुठवर जाते?"

"जनावरात जाऊन बसते."

"आन् नाई लागलं त?"

"माहा नेम चुकते काय?"

"पानाले चुना लावता लावता बोटाले लावता, आन् म्हणे नेम!"

तिले दाखवाचंच, म्हणून सकाळी तिले घेऊन शेतातल्या पडक्या गोठ्याकडे गेलो. त्याचा कूड आमच्या घरासारखाच, बांबूच्या कांब्या विणून माती-शेणानं लिपलेला. मागं तेलाचा रिकामा पिपा ठेवला, त्याच्या मागं उंच बांध. बार काढला. कुडाले भोक, पिप्याले दोन्हीकडून भोक, आन् गोळी बांधात.

बायकोनं कुडाच्या भोकात बोट घातलं. घरात माह्या खाटेसमोर असाच कूड आहे, आन् त्याच्या पल्याड तिची खाट होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन आपणहून म्हटलं, "कुडाचं घर आहे." दुकानदार हासला नाई. हासला असता तर बरं झालं असतं.

बारीक छर्रा आणला, त्याच कुडावर झाडून पाह्यला. पल्याड छर्रे कमी निघाले, पण निघाले. मांजरई शिरू शकत नाई अशा त्या भिंतीतून.

आता तिची खाट कुडाच्या अल्याड, माह्या खाटेच्या मागं आहे. काडतुसं पेटीत, चावी माह्या करदोड्याले. घरामागं खसफस झाली की बंदुकीआधी मी तिले हाक मारतो, "कुठी आहे?" ती कधी लवकर ओ देत नाई. तेवढ्या वेळ मी चावी मुठीत धरून थांबतो. "इथी" ऐकू आल्याबिगर मी पेटी उघडत नाई.