विसळलेला कॅन

आमच्या अमळनेरच्या शिवारात भंगार गोळा करत फिरणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. कपाशीवरची फवारणी आटोपली, की दुसऱ्या दिवशी तो सायकल घेऊन बांधावर हजर. कोणी कधी फवारलं, हे याला कळतं तरी कसं? औषधाचे रिकामे कॅन तो आमच्याच नाल्यात विसळतो, झाकण काढून वास घेतो आणि मान डोलवतो. त्या नाल्यात यंदाच्या पावसाळ्यात एकही बेडूक ओरडला नाही.

कॅन जातात कुठे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "धुळ्याले जातस, भाऊ. तठे भट्टीमा टाकतस."

परवा भर दुपारी तो निंबाखाली टेकला. बाजारातून आणलेल्या पांढऱ्या कॅनमधलं पाणी मी त्याला पेलाभर दिलं. पेला ओठांशी नेता नेता त्याची नजर कॅनवर गेली. त्यानं पेला खाली ठेवला.

"तहान नही शे."

घाम तर नुसता निथळत होता. मी कॅन उलटा करून पाहिला. बुडाशी फवारणीच्या औषधाच्या लेबलावरचा, विषाची खूण असलेला अर्धा लाल त्रिकोण अजून चिकटलेला होता. कापूस वेचणाऱ्या बायका सकाळपासून त्यातलंच पाणी पीत होत्या. संतापून मी कॅन बांधापलीकडे भिरकावला.

तो शांतपणे उठला. कॅन उचलून त्यानं नाल्यात विसळला, वास घेतला आणि पोत्यात टाकला.

"आता हा कुठे नेतोस?"

"धुळ्याले, भाऊ."