पंख्याच्या अंगावरचा झगा

आत्याचा फोन आला तेव्हा मी चेन्नईत, मैलापूरला अम्माच्या स्वयंपाकघरात डोशाचा पहिला घास तोंडात घालत होते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. ऐंशी ओलांडलेली, बंगळूरला राहणारी. ती फोनवर बोलत नाही, दवंडी पिटते.

"शनिवारी नातीच्या साखरपुड्याची पार्टी आहे, शोळिंगनल्लूरला. ती माझा पॅरिसचा झगा घालणार! पेटीतून काढ, सावलीत वाऱ्यावर टाक. मी शुक्रवारी येते."

हा झगा आमच्या घराण्याचा मुकुटमणी. आत्याचे यजमान तरुणपणी कंपनीच्या कामासाठी पॅरिसला होते. तिथल्या एका बड्या फॅशनघरात एरवी श्रीमंत, वयस्कर बायका पायघोळ पोशाख शिवून घेत. पण रस्त्यावरच्या पोरी आखूड झगे घालून मिरवू लागल्या, तेव्हा त्या घरानेही लाज सोडली आणि तसाच एक झगा केला, मेजवानीत हातात पेला धरून उभं राहण्यासाठी. बाह्या नाहीत, कंबर नाही, खांद्यापासून घंटेसारखा खाली आलेला आणि गुडघ्यांच्या बराच वर संपलेला. अंगभर हाताने टाचलेल्या चंदेरी पट्ट्या. हंगाम संपल्यावर त्या लोकांना तो मॉडेलच्या मापाचा झगा स्वस्तात काढून टाकायचा होता आणि आत्या होती काडीसारखी बारीक. झालं!

मद्रासला परतल्यावर आजीने तो पाहिला आणि डोळे मिटून घेतले. आत्या म्हणाली, "आई, अस्सल चांदीचा आहे." आजीने डोळे उघडले. चांदीला आमच्या घरात सगळं माफ. झगा पेटीत गेला, पेटी पुढे अम्माच्या खोलीत आली, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला 'वन्संचा चांदीचा झगा' दाखवल्याशिवाय अम्माने कॉफी दिली नाही.

मी पेटी उघडली. कापूर होता, मलमलचं फडकं होतं. झगा नव्हता.

"अम्मा!"

"ओरडतेस कशाला? मी म्हातारी आहे, बहिरी नाही."

"आत्याचा झगा कुठाय?"

अम्माने उलटलेला डोसा पुन्हा उलटला. तेव्हाच मला कोलू आठवला. नवरात्रात आम्ही पायऱ्यांवर बाहुल्या मांडतो, तो कोलू. त्याच्या आधी कपाटं उपसायची आणि विरलेल्या रेशमी साड्या जरीवाल्याला द्यायच्या. तो त्या जाळून जरीतली चांदी काढतो आणि बदल्यात चांदीची एखादी वस्तू आणून देतो. यंदा अम्माला कुंकवाचा करंडा हवा होता. जरा मोठा.

"वन्संनी तरी परत कधी घातला का तो?" अम्मा म्हणाली. "कापड कुजून जाईल, निदान चांदी तरी कामी येईल म्हटलं."

"तू आत्याचा झगा जाळायला दिलास?"

"जाळायला नाही ग. वितळवायला."

(आमची तंजावरी मराठी मी तुमच्यासाठी इस्त्री करून देते आहे. मूळ संवादात दर दोन शब्दांमागे एक 'ऐय्यो' होता.)

आम्ही दोघी ऑटोने जॉर्ज टाउनच्या बाजारात, जरीवाल्याकडे निघालो. वाटेत मी आत्याला सांगायच्या थापा रचत होते. उंदीर, चोर, पूर.

"पूर सांग," अम्मा म्हणाली. "चेन्नईत पुरावर कोणी शंका घेत नाही."

जरीवाल्याच्या दुकानात शिरताच जळक्या रेशमाचा वास नाकात गेला. आम्हाला बघून जरीवालाच उसळला.

"अम्मा, तुम्ही सुद्धा? इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, आणि मला प्लास्टिक देता?"

"प्लास्टिक?"

"मग काय! एक पट्टी काढून ज्योतीवर धरली. आक्रसली, काळी पडली आणि चॉकलेटचा कागद जाळल्यासारखा वास सुटला. करंडा मिळेल, पण लहान मिळेल, सांगून ठेवतो."

"झगा कुठाय?" माझा आवाज चिरकला.

त्याने हनुवटीने कोपरा दाखवला. दुकानात एसी बसल्यापासून उभा पंखा बेकार झाला होता. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून वरून झगा चढवला होता. काय सांगू तुम्हाला, एका पायावर उभी राहिलेली, रुसून भिंतीकडे तोंड केलेली पोरगीच दिसत होती ती! मी त्या पंख्याला मिठी मारली. गिऱ्हाइकं बघत होती. बघेनात का.

"न्या," जरीवाला म्हणाला. "पण माझ्या पंख्याचं काय?"

मी गळ्यातली ओढणी काढून पंख्यावर टाकली.

"तुझ्यापेक्षा त्याला शोभते," अम्मा म्हणाली.

घरी येताना ठरलं की आत्यासमोर चकार शब्द काढायचा नाही. शुक्रवारी आत्या आली, झगा मांडीवर घेतला आणि बोटं फिरवत फिरवत नेमकी खालच्या काठाशी थांबली.

"इथली पट्टी कुठे गेली?"

"आत्या, तो पूर..." मी सुरुवात केली.

"वन्सं, मी जरीवाल्याला दिला होता," अम्माने सांगून टाकलं.

मी दारामागे सरकले. आता छप्पर उडणार. पण आत्याचा आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला.

"त्याने जाळून पाहिलं?"

"पाहिलं."

"मग?"

"चांदी नाही निघाली."

आत्याने पदराने कपाळ टिपलं आणि खो खो हसत सुटली. "प्लास्टिकच ग ते! तेव्हा तिथल्या पोरी प्लास्टिक घालायच्या, म्हणून त्या बड्या लोकांनीही तेच लावलं. चांदी म्हटलं नसतं तर आईने त्या झग्याने फरशी पुसली असती. एकदा बोलून गेले आणि जन्मभर ती चांदी सांभाळत बसले. सुटले बाई!"

"तुम्ही कसल्या सुटलात? मी सुटले!" अम्मा म्हणाली. मग दोघी एकमेकींच्या अंगावर रेलून इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

संध्याकाळी ऑफिसातून नात आली आणि झगा घालून बाहेर आली. तो तिच्या अंगावर असा बसला, जणू कालच तिचं माप घेतलं होतं.

"पाट्टी, ह्याला खिसाच नाही! मोबाइल कुठे ठेवू?" तिने आजीला विचारलं.

आत्या डोळे पुसत होती. अम्माने मात्र चष्मा चढवून नातीला डोक्यापासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गुडघ्यांपाशी थांबली.

"वन्सं, चांदी होती तोवर ठीक होतं," ती म्हणाली. "आता ह्या गुडघ्यांचं काय करायचं?"