सावनेरचा शिक्का

नागपूरहून सावनेरला सायकलने जाऊन परत यायचं, साधी सायकल चालेल, वयाची अट नाही, असं कॉलेजच्या फलकावर वाचलं आणि संध्याकाळी घरी येऊन मी ते आईला सांगितलं. बाबा न्हाणीजवळ पाय धूत होते. वर न पाहता त्यांनी विचारलं, "मलेही भरता येते का नाव?"

आम्ही कन्हानला राहत होतो. बाबा नागपूरच्या एका कापडगिरणीत विणाई खात्यात होते. गाडीची वेळ पाळीशी जुळत नसे, म्हणून ते सायकलने जात. जायला वीसेक किलोमीटर, यायला तेवढेच, वर्षानुवर्षं. उन्हाळ्यात डोक्याला ओला दुपट्टा बांधून, पावसाळ्यात गोणपाटाची खोळ घेऊन. याला कोणी सायकल चालवणं म्हणत नव्हतं. ते कामावर जाणं होतं.

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजात मी सांगून ठेवलं होतं की वडील गिरणीत सुपरवायझर आहेत. कोणी विचारलंही नव्हतं. धरमपेठेतला एक वर्गमित्र त्याच्या वडिलांच्या ऑफिसविषयी बोलत होता, तेव्हा माझ्या तोंडून ते निघून गेलं आणि मग तसंच राहिलं. त्यामुळे बाबांनी नाव भरायचं म्हटलं तेव्हा मला आनंद झाला नाही. "तिथं सगळी पोरं असतात, बाबा," मी म्हणालो.

"असू दे ना. मी काय त्यायच्या ताटातलं जेवून राहिलो?"

आई हसली. मी दुसऱ्या दिवशी दोघांची नावं भरून आलो.

पुढचे पंधरा दिवस बाबा सुटीच्या दिवशी मला कामठीच्या पुढंपर्यंत नेऊन आणत. चढावर मी सीटवरून उठलो की मागून आवाज यायचा, "बसून मार गा पायडल. उभं राहून दम जाते." लहानपणानंतर आम्ही दोघं इतका वेळ एकत्र कधी नव्हतो. आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही सायकलींच्या चेनला तेल दिलं. माझ्या सायकलचं कॅरियर काढून टाकलं. स्वतःच्या सायकलचं ठेवलं. "डबा कशावर बांधू?" म्हणाले.

जानेवारीतली सकाळ होती. कन्हानहून अंधारातच निघून आम्ही धरमपेठेतल्या मैदानावर पोचलो. शंभराच्या वर सायकली होत्या. सायकल क्लबची पोरं हाफपँट आणि कॅनव्हासच्या बुटांत. बाबा पायजम्यात, घोट्याजवळ सुतळी बांधलेली, अंगात आईनं विणलेला तपकिरी स्वेटर, कॅरियरवर डबा. नंबर लिहिलेली कापडं आणि सावनेरला शिक्का मारून घ्यायची कार्डं वाटली. माझं मी चार पिनांनी नीट लावलं. बाबांच्या पाठीवर घाईत दोनच पिना टोचल्या, कारण वर्गातली मंडळी आमच्याकडे येत होती. "तुम्ही मागं उभे राहा, बाबा," मी म्हणालो. "पुढं धक्काबुक्की होईल."

ते मागं गेले. मला वाटतं, त्यांना कारण समजलं होतं.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या तेव्हा नव्याच उभ्या राहिल्या होत्या. तिथपर्यंत मी जोरात मारत गेलो आणि तिथंच मला धाप लागली. तेवढ्यात उजव्या बाजूनं बाबा आले. श्वास अजिबात वाढलेला नव्हता. "ये गा मागं मागं," म्हणाले आणि निघून गेले. मला त्यांचा वेग धरता आला नाही. त्यांची पाठ लहान होत गेली. त्या पाठीवरचं कापड एका पिनेवर फडफडताना मी पाहिलं. ओरडून सांगायला हवं होतं, पण माझ्या बाजूनं वर्गातले दोघं चालले होते.

सावनेरच्या अलीकडे कापसानं भरलेल्या बैलबंड्या लागल्या. जिनिंगला चाललेल्या त्या रांगेतून वाट काढत मी गावात शिरलो, तेव्हा बराच वेळ गेला होता. परतीच्या जागी मांडव घातला होता. टेबलाशी चष्मा लावलेले एक गृहस्थ यादी घेऊन बसले होते आणि त्यांच्या शेजारी कार्डावर शिक्का मारायला माझा तोच धरमपेठेतला वर्गमित्र. टेबलासमोर बाबा उभे होते. स्वेटर काढून कंबरेला बांधला होता. नंबराचं कापड ना पाठीवर होतं, ना स्वेटरवर.

"यादीत नाव आहे, मान्य," चष्मेवाले म्हणत होते. "पण नंबर कुठं आहे? नाव भरलं म्हणजे तुम्ही सुरुवातीपासून सायकलवरच आलात हे कशावरून? लोक ट्रकवर सायकल टाकून येतात."

"मी कायले ट्रकवर येईन, साहेब?"

"तुमच्या आधी क्लबची मोजकी पोरं पोचली आहेत. या सायकलवर, या वयात?"

वर्गमित्रानं मला पाहिलं आणि हात केला. "अरे, ये ये," म्हणत त्यानं माझं कार्ड घेतलं. शिक्का मारला. चष्मेवाल्यांनी माझं नाव यादीत शोधलं, खूण केली, आणि त्यांचं बोट वर सरकून बाबांच्या नावावर थांबलं. आडनाव वाचून त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते येऊन गेलं. ते मला सवयीचं होतं.

"तुमचं आडनाव एकच आहे," ते मला म्हणाले. "कोण लागतात हे तुमचे?"

वर्गमित्र माझ्याकडे पाहत होता. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. ते टेबलावरच्या शिक्क्याकडे पाहत होते.

"आमच्या गावचे आहेत," मी म्हणालो. "हे आडनाव आमच्याकडे पुष्कळांचं असतं."

"सुरुवातीला पाहिलं होतं का यांना? वाटेत कुठं?"

"गर्दी होती. लक्ष नव्हतं माझं."

मी हे घाईत बोललो नाही. विचार करायला मला वेळ मिळाला होता. लोक म्हणतात, अशा वेळी तोंडून काहीतरी निघून जातं. तसं झालं नव्हतं. पहिलं वाक्य बोलून झाल्यावर दुसरं सुचायला मला पुरेशी उसंत होती आणि ती मी वापरली.

"मग माझा इलाज नाही," चष्मेवाले बाबांना म्हणाले.

बाबांनी मान हलवली. "पाणी तं भेटन ना?" त्यांनी विचारलं. मांडवातल्या रांजणातून ते दोन पेले पाणी प्याले, पेला विसळून त्यांनी पालथा ठेवला आणि सायकल वळवली. मी मुद्दाम केळं खात थांबलो. ते दिसेनासे झाल्यावर निघालो.

परतताना समोरून वारा होता. पाटणसावंगीच्या आसपास माझ्या पोटरीत गोळा आला. मी उतरून रस्त्याच्या कडेला पाय चोळत बसलो. बाबा पुढच्या झाडाखाली डबा उघडून बसले होते. त्यांनी डबा बंद केला, चालत आले, माझी पोटरी दोन्ही हातांत धरून जोरात दाबली. मी कळवळलो.

"चाकाले चाक लावून ये," एवढंच म्हणाले आणि पुढं झाले.

तिथून शहर येईपर्यंत त्यांनी वारा अंगावर घेतला आणि मी त्यांच्या पाठीमागं चालवत राहिलो. ओल्या सदऱ्यातून त्यांच्या पाठीचं हाड दिसत होतं. मला वाटत होतं की त्यांनी बोलावं, शिवी द्यावी, एखादी मुस्काटात मारावी. मागं किती पडलो हे पाहायला ते दर दोन-तीन मिनिटांनी नुसती मान वळवत, आणि मी मागं राहिलो असेन तर पाय थांबवत. मानकापूरला त्यांनी सायकल बाजूला घेतली. "जा तू पुढं," म्हणाले.

मैदानावर माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडली. कार्डावर शिक्का असलेल्या प्रत्येकासारखं मलाही स्टेजवर बोलावून सोनेरी काठाचं प्रमाणपत्र दिलं. वर्गमित्राच्या वडिलांनी पाठ थोपटली. बाबा आले तेव्हा दोर बांधलेल्या वाटेतून न येता मैदानाच्या बाजूच्या फाटकातून आले. त्यांचा वेळ कोणी लिहिला नाही. ते कडुनिंबाखाली माझी वाट पाहत उभे राहिले, आणि मंडळी पांगेपर्यंत मी त्यांच्याकडे गेलो नाही. मग तिथून कन्हान. ते अंतर कोणत्याच कागदावर नव्हतं.

घरी आईनं विचारलं, "याले भेटलं, तुमाले काहून नाही भेटलं?"

"नंबराचं फडकं पडलं रस्त्यात," बाबा म्हणाले. "नियम असते त्यायचा."

"मंग पोरानं सांगायचं ना, हे माहे बाबा आहेत म्हणून."

"तो मागं होता वं. त्याले काय माहीत?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहत होतो.

पदवीनंतर एका सरकारी खात्यात मुलाखत झाली. अर्जाला मी ते प्रमाणपत्र जोडलं होतं. मुलाखत घेणाऱ्यानं ते उचलून विचारलं, "वा, सायकलिंग! घरी आणखी कोणी करतं?" या वेळी मी सांगितलं. वडील रोज कन्हानहून नागपूरला सायकलने गिरणीत येतात, म्हणालो. तो हसला. "ते वेगळं हो," म्हणाला आणि पुढचा प्रश्न विचारला. मीही हसलो.

नोकरीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. "कोणकोणते कागद लागले?" त्यांनी विचारलं. मी सांगितले.

"सावनेरचाही लागला का?"

"हाव."

"मंग फुकट नाही गेलं," ते म्हणाले आणि पत्र परत दिलं. हा टोमणा होता की समाधान, हे मी पुढं कित्येकदा ठरवून पाहिलं. मला ठरवता आलं नाही. त्या क्षणी विषय निघाला होता, माफी मागता आली असती. मी पत्राची घडी घातली.

पुढं मी धरमपेठेत खोली घेतली. आई महिन्यातून एकदा बसनं यायची, दोन दिवस राहायची, डाळीला फोडणी घालता घालता घरच्या गोष्टी सांगायची. बाबांना मी दर वेळी बोलवत होतो. सुटीच्या दिवशी या, पाळी सुटल्यावर या, जेवून जा. गिरणीपासून माझी खोली फार तर पाच किलोमीटर असेल.

"मले वाट उलटी पडते," ते म्हणत.

गिरणीची त्यांची शेवटची पाळी संपली त्या दिवशीही मी निरोप धाडला होता. भाजी आणून ठेवली होती. ते सरळ कन्हानला गेले.